तसबीर उतरवत नाही, हलवतो

ठाणे
शनिवार रात्र, शब्बाथ उतरल्यावर

चि. बेनी,

अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू फोनवर आईला जे बोललास ते मला लिलीकडून कळलं. आई स्वतः काही बोलली नाही. मलिद्यासाठी, म्हणजे आशीर्वाद म्हणून खायच्या गोड पोह्यांसाठी, काढलेले पोहे तिनं परत डब्यात ओतले आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. तू घरी येणार आहेस का, आणि आलास तर घरचं जेवणार आहेस का, एवढंच मला विचारायचं आहे. पण तू विषय काढलास तोरातला, आपल्या धर्मग्रंथातला. तेव्हा आधी त्यावर लिहितो आणि जेवणाचं मध्ये आणत नाही. लिलीही हे वाचणार, म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही जरा फोडून लिहितो. कंटाळू नकोस.

एलियाहू हनबीची (अग्निरथातून वर गेलेला आपला प्रेषित) तसबीर ही मूर्ती, खंडाळ्याला (लिली, अलिबागजवळचं, लोणावळ्याचं नव्हे) जाणं ही मूर्तिपूजा आणि शेजारच्या काकूंचं ताट हा मूर्तीचा नैवेद्य, असं तू तिन्ही एका दमात बोललास. शास्त्र एका दमात बोलत नाही. दहा वचनांतलं दुसरं वचन उघडून बघ. दुसरे देव मानू नकोस, मूर्ती करू नकोस, तिच्यापुढं वाकू नकोस, तिची सेवा करू नकोस. या चार वेगळ्या मनाया आहेत. रामबाम या आपल्या जुन्या मोठ्या पंडितानं त्या वेगवेगळ्या मोजल्या आणि प्रत्येकीची मर्यादा वेगळी लिहिली. मानणारा एक, घडवणारा दुसरा, वाकणारा तिसरा. तू आईला कुठल्या मनाईखाली धरलंस ते मला कळलं नाही, आणि मला वाटतं तुलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

तसबिरीपासून सुरू करतो. माणसाची आकृती शोभेसाठीसुद्धा करायची नाही हे खरं, पण ती उठावाची असेल तर. सपाट रंगवलेली किंवा कापडात विणलेली चालते. रामबामनं मूर्तिपूजेच्या नियमांत, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडं हे लिहिलंय आणि शुल्हान आरुख या नियमग्रंथाच्या योरे देआ भागात कलम १४१ मध्ये ते पुन्हा आलंय. सूर्य, चंद्र आणि तारे मात्र सपाटही काढायचे नाहीत. आपली तसबीर छापील कागद आहे. रथ आहे, घोडे आहेत, ज्वाळा आहेत. कोपऱ्यात कुठं सूर्य डोकावतोय का ते मी भिंग घेऊन पाहिलं. नाही.

गंमत म्हणजे तिकडं इस्रायलमध्ये तू जिथं शिकतोस तिथून काही तासांवर, गिलबोआ डोंगराच्या पायथ्याशी, बेथ अल्फाच्या जुन्या सिनेगॉगची फरशी आहे. १९२८ साली किबुत्झची माणसं पाण्याचा पाट खणत होती तेव्हा ती सापडली. सहाव्या शतकातली. मधोमध बारा राशींचं चक्र आणि त्याच्या पोटात चार घोड्यांच्या रथातला सूर्य, चांगला चेहरामोहरा असलेला. त्याच फरशीवर वरच्या अंगाला हेखाल (तोरा ठेवायचं कपाट) आणि मेनोरा (सात फांद्यांचा दिवा) काढलेत, खालच्या अंगाला अब्राहाम आणि इसहाक. नंतरच्या पंडितांच्या नियमात हा सूर्य बसत नाही. पण ती माणसं प्रार्थना करणारीच होती आणि तोरा वाचणारीच होती. ते चित्र त्यांनी पायाखाली घातलं होतं, डोक्यावर घेतलं नव्हतं, हाही फरक आहेच. सुट्टीत जाऊन ये. बघितल्याशिवाय मत देऊ नकोस.

आता जिथं तुझं बरोबर आहे ते. तसबीर आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर आहे. इथून आपण पश्चिमेकडं तोंड करून प्रार्थना करतो, म्हणजे अमिदाला, उभ्यानं म्हणायच्या मुख्य प्रार्थनेला, उभा राहिलो की ती माझ्या थेट समोर येते. भिंतीवरच्या किंवा कापडावरच्या चित्रासमोर उभं राहून प्रार्थना करू नये, लक्ष जातं, हे शुल्हान आरुखच्या ओराह हायिम भागात, ९० व्या प्रकरणात आहे. आरशासमोर तर नाहीच, कारण वाकताना आपण आपल्याच प्रतिमेला वाकतोय असं दिसतं. (तुझ्या जुन्या खोलीतल्या आरशाच्या कपाटाचं हे कधी तुझ्या लक्षात आलं होतं का? बार मित्झ्वानंतर, तेरा वर्षांचा झाल्यापासून, सगळी वर्षं तू तिथंच उभा राहायचास.) तसबीर मी उत्तरेच्या भिंतीवर, लिलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी हलवतोय. उतरवणार नाही.

हार काढतो. दिवाही हलवतो. आई शुक्रवारची बत्ती त्या तसबिरीखालच्या फळीवर लावते, कारण स्वयंपाकघरातून येणारा वारा तिथं लागत नाही. दुसरं काही कारण नाही. पण बाहेरचा माणूस आला तर त्याला तसबिरीपुढं दिवा दिसतो, शब्बाथचा दिवा दिसत नाही. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहाच्या सन्हेद्रिन भागात यादी आहे. बळी देणं, धूप जाळणं, पेय ओतणं, साष्टांग वाकणं या चार गोष्टी कुठल्याही मूर्तीपुढं केल्या की मूळ अपराध. त्या देवाची म्हणून जी खास रीत असेल तीही त्यातच. त्याखाली मिठी मारणं, चुंबन घेणं, समोर झाडणं, शिंपडणं, धुणं, तेल लावणं, कपडे घालणं. याला शिक्षा हलकी, पण मनाई आहेच. हार घालणं या दुसऱ्या यादीच्या शेजारचं आहे. तसबीर देव नाही हे आईला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी शास्त्र दिसण्याचीही काळजी घेतं. मूर्तीसमोर पायात काटा मोडला किंवा पैसे सांडले तर वाकून उचलू नये. आधी खाली बसावं किंवा पाठ फिरवावी आणि मग उचलावे. कारंज्याच्या मूर्तीच्या तोंडातून पाणी येत असेल तर त्या तोंडाला तोंड लावून पिऊ नये, चुंबन घेतल्यासारखं दिसतं. इतकं बारीक. तेव्हा हार जाईल. पण आईला ते मी सांगेन. तू सांगायचं नाहीस.

आणखी एक तुझ्या बाजूचं, तू न मांडलेलं. मोशेनं देवाच्या सांगण्यावरूनच पितळेचा साप केला होता, तोराच्या गणना या पुस्तकात, २१ व्या अध्यायात. साप चावलेला माणूस त्याच्याकडं बघायचा आणि जगायचा. तो साप शेकडो वर्षं सांभाळून ठेवला गेला. मग लोक त्याच्यापुढं धूप जाळू लागले आणि हिज्किया राजानं त्याचे तुकडे केले. देवानं सांगून केलेली वस्तू बिघडू शकते, तर छापखान्यातला कागद बिघडणार नाही असं मी कसं म्हणू? पण दोन गोष्टी बघ. धूप जळू लागेपर्यंत साप कुणी फोडला नाही. आणि तलमूदनं (मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ) विचारलंय की त्याच्या आधीच्या आसा आणि यहोशाफाट या राजांनी इतर मूर्ती काढल्या, मग हा साप कसा राहिला? उत्तर दिलंय की पूर्वजांनी हिज्कियासाठी काही करायला जागा ठेवली. आम्हीही तुझ्यासाठी थोडी जागा ठेवली असेल असं समज. तू ती शोधलीस याचं मला कौतुकच आहे, हे आईला सांगू नकोस.

तू शिकायला गेलास तेव्हा मनात होतं की हा एक दिवस माझ्या चुका काढेल. आता काढतोयस, तर मला रागही येतो आणि सिनेगॉगमध्ये चार माणसांना सांगावंसंही वाटतं. पण आपण जेवणाविषयी बोलणार नव्हतो.

मिसरमधून निघालेल्या आपल्या लोकांनी घडवलेल्या सोन्याच्या वासराविषयी तू बोललास म्हणून. तिथं सगळ्यांच्या नजरेतून निसटतं ते वाक्य म्हणजे तोराच्या निर्गम पुस्तकात ३२ व्या अध्यायाचं पाचवं. वासरू झाल्यावर मोशेचा भाऊ अहरोन वेदी बांधतो आणि जाहीर करतो की उद्या परमेश्वराचा सण. दुसऱ्या कुणाचा नाही. म्हणजे त्या लोकांनी देव बदलला असं त्यांना वाटतच नव्हतं. मोशेला डोंगरावरून उतरायला उशीर झाला आणि त्यांना समोर काहीतरी हवं झालं. आणि त्याच पुस्तकात सात अध्याय आधी देव स्वतः सांगतो की कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करुबीम, म्हणजे पंखवाले देवदूत, ठोकून घडवा, पंख पसरलेले, तोंडं एकमेकांकडं. सोनं तेच, घडवणंही तेच. करुबीम सांगून केलेले, वासरू मनाचं. आणि करुबीमकडं बघून कुणी हा माझा देव म्हणायचं नव्हतं, त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून वाणी यायची. अनुवाद या तोराच्या शेवटच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मोशे तेच बजावतो की सीनायवर तुम्ही शब्द ऐकलेत, आकार पाहिला नाहीत. माझ्या समजुतीनं मनाईचं पोट तिथं आहे. उशीर सहन न होणं. देव आपल्या वेळेला, आपल्या मापात, आपल्या खोलीत हजर असावा हा हट्ट. दगड-धातू नसतानाही हा हट्ट करता येतो. पुस्तकाचाही करता येतो. आपण सांगितलेलंच देवाचं सांगणं, दुसऱ्याचं नाही, असा.

हे तुला लागेल. लागावं म्हणून लिहिलं नाही. खरं तर थोडं लागावं म्हणून लिहिलं. माफ कर, व्याख्यान झालं.

खंडाळा. तिथल्या टापा म्हणजे खडकावरच्या खुणा, एलियाहू हनबीच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाची रेघ असं आपले लोक म्हणत आले. त्या खुणा कशाच्या यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. तिथं काय करायचं आणि काय नाही एवढंच बघू. दगडावर लोटांगण घालायचं नाही, कपाळ टेकायचं नाही. तोराच्या लेवीय पुस्तकात, २६ व्या अध्यायाच्या पहिल्या वचनात कोरीव दगडावर वाकायला मनाई आहे, देवाला वाकत असलास तरी. फक्त जेरुसलेमच्या मंदिरात चालायचं. म्हणून तर दारफाळणीच्या सणाला (योम किप्पूरला) सिनेगॉगच्या फरशीवर साष्टांग पडताना खाली कापड अंथरतात. तुझे आजोबा पंच्याची घडी घालायचे ती यासाठी, गुडघ्यांसाठी नाही. याकोबानं बेथेलला दगड उभा करून त्यावर तेल ओतलं होतं, आणि अनुवाद १६ मध्ये तसाच उभा दगड देवाला नावडता होतो. राशी नावाचा जुना भाष्यकार सांगतो की बापजाद्यांच्या काळी तो आवडता होता, कनानी लोकांनी त्याची रीत केली म्हणून नावडता झाला. तेव्हा खडकाला तेल नाही, शेंदूर नाही, नारळ फोडणं नाही. खडकापाशी उभं राहून आशीर्वाद म्हणायचे, एलियाहू हनबीचं गाणं म्हणायचं, खायचं, परत यायचं.

नवसाचे शब्द मात्र नीट हवेत, आणि इथं मी आईच्या मैत्रिणींनाही टोकतो. ‘एलियाहू हनबी, माझ्या मुलाला सुखरूप आण’ असं नाही. ‘देवा, एलियाहू हनबीच्या पुण्याईनं माझ्या मुलाला सुखरूप आण’ असं. रामबामच्या तेरा तत्त्वांतलं पाचवं हेच आहे की मागायचं ते एकाकडंच, मध्यस्थाकडं नाही. आई बरोबर म्हणते. मी कान देऊन ऐकलंय. आणि तुझ्याकडं लाग बाओमेरच्या सणाला मेरोनच्या कबरीवर लाखो माणसं जातात, राहेलच्या कबरीला हात लावून रडतात, त्यांना कुणी मूर्तिपूजक म्हणतं का? त्यांच्याही शब्दांवर हीच अट आहे. अट सगळ्यांना सारखी लाव, एवढंच माझं म्हणणं.

मलिदा. तू त्याला नैवेद्य म्हणालास, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. अर्धा किलो पातळ पोहे धुऊन निथळायचे, एक नारळ खोवून, साखर, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप, वर फळं आणि बाजूला सब्जाची काडी नाहीतर गुलाब. मग पोह्यांचा आशीर्वाद वेगळा, खजुराचा झाडाच्या फळाचा, केळ्याचा जमिनीच्या फळाचा (केळीला शास्त्र झाड मानत नाही, हे तूच मला लहानपणी विचारलं होतंस), वासाचा वेगळा. आशीर्वाद म्हणून आपणच खायचं. देवापुढं काही ठेवलं जात नाही, त्याच्यासाठी वाटा काढला जात नाही. बिघडतं कुठं, तर ताट तसबिरीसमोर मांडलं जातं तिथं. दिसायला ते नैवेद्यासारखंच होतं. तेव्हा ताट जेवणाच्या टेबलावर, भोवती माणसं, आणि हजाननं (प्रार्थना चालवणाऱ्यानं) टेबलाकडं तोंड करून म्हणायचं. सुंतेच्या वेळी एलियाहूची खुर्ची मांडतात, पेसाहच्या (वल्हांडणाच्या) सणाला त्याचा पेला भरतात, हे कितीतरी यहुद्यांत आहे. त्याला कुणी मूर्ती म्हणत नाही.

काकूंचं ताट. इथं तुझा मुद्दा पक्का आहे, कारण मूर्तीला अर्पण केलेल्याचा उपभोग अजिबात घ्यायचा नाही. २००४ साली तुमच्या जेरुसलेमच्या राव (रब्बी) एल्याशिव यांनी तिरुमलाला उतरवलेल्या केसांचे, तिकडच्या बायका डोकं झाकायला घालतात ते टोप वर्ज्य ठरवले आणि ब्रुकलिनमध्ये बायकांनी महागाचे टोप रस्त्यावर जाळले, ते तुला ठाऊक असेल. वाद कशावर होता? केस कापणं हेच अर्पण, की कापलेले केस नुसता उरलेला माल? त्यासाठी इंग्लंडमधून एका रावला तिरुपतीला पाठवलं, चौकशी केली, मग निर्णय दिला. आधी विचारलं, हे लक्षात घे. तू काकूंना विचारलंस का? गणपतीत त्या आपल्यासाठी करंज्या नैवेद्य दाखवायच्या आधीच वेगळ्या काढतात. आपल्या डब्यावर रबर असतं ते त्यासाठी. हे त्यांना तुझ्या आजीनं एकदाच सांगितलं, त्यानंतर कधी सांगावं लागलं नाही. दिवाळीचा फराळ देवापुढं जात नाही, तो वेगळा. सत्यनारायणाचा प्रसाद मात्र आई हातात घेत नाही, आणि काकू देतही नाहीत. नमस्कार होतो, चहा होतो. तू दारातूनच ‘नको’ म्हणालास आणि आत गेलास. त्यांनी विचारलं, बेनीला बरं नाही का?

मनाई आपल्यावर आहे, काकूंच्या घरावर नजर ठेवायला ती दिलेली नाही. मेइरी हा पंडित तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये लिहीत होता की धर्माच्या बंधनात राहणाऱ्या लोकांना जुन्या काळच्या मूर्तिपूजकांचे नियम लावू नयेत. सगळे पंडित त्याच्या बाजूचे नाहीत, मला माहीत आहे. पण मिश्ना आणि तलमूदही आपल्याशीच जास्त कडक आहेत. परक्याची मूर्ती तो परका स्वतः नाक-कान तोडून रद्द करू शकतो. यहुद्याची मूर्ती कशानंच रद्द होत नाही. आणि मिश्नातला पंडित रब्बान गमलिएल अक्कोच्या हमामात अंघोळीला जायचा, तिथं ग्रीक देवी अफ्रोदितीची मूर्ती उभी होती. प्रोक्लस नावाच्या परक्यानं त्याला तिथंच हटकलं. गमलिएल म्हणाला, हमामात उत्तर देत नसतात. बाहेर आल्यावर म्हणाला, मी तिच्या हद्दीत गेलो नाही, ती माझ्या हद्दीत आली. हमाम तिच्या शोभेसाठी बांधलेला नाही, ती हमामाच्या शोभेसाठी आहे. मी नोकरीची सगळी वर्षं लक्ष्मीच्या फोटोखालच्या टेबलावर काढली. कुणी वाकायला सांगितलं नाही, मी वाकलो नाही, आणि त्यावरून कुणाशी तोंडही सोडलं नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते. १९६२ साली इस्रायलमधल्या रब्बींच्या मंडळानं आपल्या बेने इस्रायली लोकांच्या लग्नाआधी आजी-पणजीपर्यंत चौकशी करा असं फर्मान काढलं होतं. शंका घटस्फोट आणि लग्नाच्या नियमांची होती, मूर्तींची नव्हती. आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. १९६४ मध्ये क्नेसेतनं, तिथल्या संसदेनं, ठराव केला, तेव्हा कुठं ते मागं घेतलं गेलं. डिमोनाचे काका त्या धरण्यात होते. पुढं कधी त्यांनी त्याविषयी तोंड उघडलं नाही. म्हणून तू फोनवर ‘तुम्ही लोक’ म्हणालास तेव्हा मी काय ऐकलं असेल याचा विचार कर. तोरा विसरलेली ही माणसं शतकानुशतकं शेमा, एका देवाची प्रार्थना, म्हणत राहिली, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत राहिली, आणि कुणी शिकवायला आलं तेव्हा शिकली. तू शिकलेला परत ये. लाज वाटून परत येऊ नकोस. किंवा लाज वाटत असली तरी ये.

जेवणाचं. तुझ्यासाठी नवं पातेलं, तवा, दोन झारे आणि चमचे घेतलेत, सगळं स्टीलचं. दुकानाचं लेबल गरम पाण्यात भिजवून काढलं. गोंद राहिला होता तो खोबरेल तेलानं घासला, कारण गोंद राहिला तर पाण्यात बुडवून शुद्ध केलेलं धरत नाही. रविवारी मुंबईला समुद्रावर जाऊन एकेक सुटं धरून बुडवून आणतो, हात सैल ठेवून, पाणी सगळीकडून लागेल असं. दूध आणि मटण एकत्र आपल्या घरी कधीच शिजलं नाही, तरी तुझ्यासाठी दुधाचं भांडं वेगळ्या फळीवर ठेवलंय. मटण सिनेगॉगमधून हजान सांगेल तेच. करीत नारळाचं दूध असतं हे तुझ्या तिकडच्या मित्रांना सांग, नाहीतर पांढरा रस्सा बघून ते घाबरतील. अजून काही लागत असेल तर यादी कर आणि मला पाठव, आईला नको.

तिकिटाची तारीख लिलीला कळव. शुक्रवारी उतरणार असशील तर दुपारी चारच्या आधी ठाण्यात पोचायला हवं. येताना मेजूल खजूर आण. आई पोहे पुन्हा काढेल की नाही हे मी सांगू शकत नाही, तिला तू विचार.

तुझा,
पपा